न उघडणारी खिडकी

वारुळासारखी श्वास घेणारी, एसीशिवाय हवा खेळती ठेवणारी शाळा आखायची म्हणून आम्ही तिघं काचेच्या खोलीत बसलो होतो. कीटकशास्त्राच्या मॅडम, आर्किटेक्ट सर आणि इंजिनिअर मी. वीज गेली, एसी बंद पडला, आणि एक कुंभारीण माशी काचेवर धडका देऊ लागली. तिचं मातीचं अर्धं घर प्रोजेक्टरला चिकटलेलं होतं. चिखल आणायला ती एसीच्या पाइपाशेजारच्या फटीतून जायची. ती फट सकाळीच कुणीतरी बुजवली होती. दार उघडून उपयोग नव्हता, बाहेरचा पॅसेजही बंद काचेचाच.

"सर, खिडकी उघडा ना," मॅडम म्हणाल्या.

"ही उघडत नाही. इमारत मीच आखलीय."

"मग बरोबर. वारुळात तुमची बदली करायला हवी."

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. अशा खोलीत बसायला मी राबलेय, त्याचा अभिमान मी लपवत नाही. गावच्या आमच्या कुडाच्या भिंतीतून वारा न विचारता यायचा. त्याला मी गरिबी म्हणायचे. आता त्याचंच ड्रॉइंग काढते, तेही घामाघूम होऊन.

शेवटी सरांनी पेनानं फट उकरली. माशी गेली. मग आम्ही तिघंही, आपापलं शास्त्र बाजूला ठेवून, त्या बोटभर फटीला आळीपाळीनं नाक लावून उभे राहिलो.