उलट्या बाजूने खाडीची फेरी

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटमधून खाडीची फेरी दोन्ही बाजूंनी करता येते. उजवीकडून गेलं तर आधी जुनं गाव, गावदेवीचं देऊळ, मग गुरचरण, तिथून तिवरांच्या मधून जाणारा मातीचा बांध. बांधाच्या मध्यावर उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून बसवलेलं दार. पुढे मासळीची जेट्टी आणि रस्त्याने परत घर. डावीकडून गेलं तर हेच सगळं उलट. तासाभराची वाट आहे, चढ नाही, चिखल मात्र भरपूर.

नवरा तळोज्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर आम्ही दोघं ही फेरी करायला लागलो आणि आठवड्यात माझं डोकं फिरलं. हा माणूस माझ्याबरोबर चालायचाच नाही. जरा पुढे जायचा, थांबायचा, मागे वळून बघायचा आणि मी जवळ आले रे आले की पुन्हा चालू पडायचा. म्हणजे दम त्यांनी खायचा आणि धापा मी टाकायच्या. शेवटी एक दिवस गुरचरणाच्या मधोमध उभी राहून मी म्हटलं, "अहो, मागे वळून बघत जाऊ नका. येतेय मी."

"बघितलं नाही तर बसशील कुठेतरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते उजवीकडून आणि मी डावीकडून. निदान त्यांची पाठ तरी बघायला लागणार नव्हती.

सुरुवातीला आमची गाठ जेट्टीपाशी पडायची. मी वाळत घातलेल्या जाळ्यांपर्यंत पोचते न पोचते तोच हे तिवरांतून बाहेर. "गॅस बंद केलास?" "केला." एवढं बोलून आपापल्या वाटेने पुढे. घरी जो आधी पोचेल त्याने चहा टाकायचा, आणि तो रोज तेच टाकायचे.

मग दिवाळीत मुलीने मला चांगले बूट घेऊन दिले. त्यानंतर आम्ही जेट्टीच्या पुढे भेटायला लागलो, मग उघाडीपाशी, आणि थंडी संपता संपता तर पार गुरचरणाच्या कडेला चिंचेखाली. आता चहा मी टाकत होते. बूट काय आहेत, चाल काय सुधारली आहे, हे मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवलं. ह्यांनाही ऐकवलं. कॅरममध्ये बायकोला एक डाव न सोडणारा माणूस मुकाट्याने म्हणाला, "बूट चांगले आहेत खरंच." मी खूश.

एक दिवस बांधावर, उघाडीच्या अलीकडे, गावातल्या एका बाईची बकरी चिखलात रुतली होती. ती मला म्हणाली, "बाय, जरा दोरी धर गो. पानी चढतंय." मी दोरी धरली, ती खाली उतरली, बकरी दोघींवर ओरडत राहिली. बकरी बाहेर निघेपर्यंत माझी सलवार गुडघ्यापर्यंत भरली. मला वाटलं, एवढ्यात हे येतील आणि माझा अवतार बघून टिंगल करतील. ते आले नाहीत. मी हातपाय धुतले, बाईशी बोलले, तरी आले नाहीत. मग चालत निघाले, तर हे रोजच्याच जागी, चिंचेखाली, मुळावर बसलेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एवढा वेळ एका जागी उभी होते आणि तरी आम्ही चिंचेखालीच भेटलो. बूट माझे नवे होते, पण भेटायची जागा सरकली होती ती त्यांच्या मंदावलेल्या चालीमुळे.

"इथे का बसलात?"

"वारा छान आहे."

चिंचेचं पान हलत नव्हतं. मी आधी घाबरले, मग चिडले. चिडणं मला सोपं जातं.

"छातीत दुखतं?"

"दुखत नाही. भरून येतं जरा. टेन्शन घेऊ नको."

"कधीपासून?"

त्यांनी बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मी तिथूनच रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दोन ठिकाणी अडथळा होता, तिसऱ्या दिवशी आत स्टेंट बसवल्या.

मग बरेच दिवस हॉल ते किचन, नंतर सोसायटीच्या आवारात. गुरचरणापर्यंत जायची परवानगी मिळाली तेव्हा मी म्हटलं, मी बरोबर येते. ते म्हणाले, "नको. तू तुझ्या बाजूने ये. बरोबर आलीस की पेशंट असल्यासारखं वाटतं." खूप वाद घातला. शेवटी मी निघाले डावीकडून.

त्या दिवशी मी खरंच भरभर चालले. जेट्टीला कोणी नाही, ते ठीक होतं. उघाडीलाही कोणी नाही. बकरीवाली म्हणाली, "काय झाला गो, धावतंस कनाला?" मी थांबले नाही. चिंचेखाली पोचले तर मूळ रिकामं. ते देवळाच्या मागे कुठेतरी पडले असतील आणि मी इकडून यायचं कबूल केलं, एवढंच मनात येत होतं.

मग गुरचरणाच्या पार टोकाला, म्हशींच्या पलीकडे, ते दिसले. हळूहळू, पण चालत येत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "उशीर केलास."

तिथूनच आम्ही त्यांच्या बाजूने परत फिरलो. पायवाट एकाच माणसाची, म्हणून मी पुढे. जरा चालले, थांबले, मागे बघितलं. ते जवळ आले तशी पुन्हा चालले. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मागे वळून बघत जाऊ नकोस," ते म्हणाले. "येतोय मी."

मग मी वळले नाही. वाळलेल्या गवतावर मागून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, तो ऐकत देवळापर्यंत चालत गेले.