सामानापाशी कोण थांबतंय?

प्रत्येक घरात सामानापाशी थांबणारं एक माणूस असतं. बाकीचे जे काय बघायचं ते बघून येतात आणि ते माणूस बॅगा सांभाळत बसतं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. हे काम तिला कुणी नेमून दिलं असं नाही. "सामानापाशी कोण थांबतंय?" असं आई विचारायची, आम्ही भावंडं आभाळाकडे बघायचो आणि ताई म्हणायची, "मी आहे ना."

शाळेची सहल डोंगरावर गेली तेव्हा ही पायथ्याशी डब्यांच्या पिशव्यांपाशी बसली. वर जाऊन आलेल्या मुलींना काय काय दिसलं ते विचारून घेतलं आणि 'शिखरावरून दिसलेले दृश्य' या निबंधात पहिलं बक्षीस मिळवलं. लग्नानंतर दोघं फिरायला गेली, तर हॉटेलची खोली मिळायला दुपार होणार होती. भाऊजी टेकडीवर जाऊन सूर्योदय बघून आले. ताईने स्टँडवर बसून सुटकेसा बघितल्या. कसा होता सूर्योदय, असं मी विचारलं तर म्हणाली, "छान होता म्हणे." भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात. आमच्याकडे ती माझी बहीण आहे.

ताई शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं तिने पोरांना वाळवंटं, ज्वालामुखी, हिमनद्या शिकवल्या आणि यातलं एकही स्वतः पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी तिच्या शाळेला एका शिक्षिकेला वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी पाठवायचं होतं. ताई नेहमीप्रमाणे "दुसऱ्या कुणाला जायचं असेल तर" करत बसली. शेवटी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तिला समोर बसवून मीच तिचा अर्ज भरला. मुलगा कमावता झाला होता, भाऊजींना वरण-भात लावता येत होता. तिला कारण सापडेना, म्हणून ती गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी झाली, वसतिगृहात राहायला लागली, पाठीवर दप्तर लावून वर्गात जायला लागली. आता तरी ही बाई कुठेतरी सामान सोडून आत जाईल, असं मला वाटलं होतं.

तिच्या वर्गात आपल्याकडची आणखी चार पोरं होती. सगळी तिच्या मुलाच्या वयाची. त्यांतल्या एका उंच मुलाचं नाव मी फोनवरच पुढारी ठेवलं, कारण कुठेही जायचं तर तो आधी चालायला लागायचा आणि कुठे जायचंय ते नंतर विचारायचा. एक मुलगी होती, तिचं नाव चिवचिव. या पोरांनी शनिवार-रविवार जोडून शेजारच्या देशातल्या एका मोठ्या शहराची सहल ठरवली. रात्रभर गाणीबजावणी चालतात, रस्त्यावर चित्रं काढतात, रंगीत घरं, गजबजलेले चौक, असं ते शहर. ठरवताना ताई शेजारी बसलेली, म्हणून चिवचिव म्हणाली, "काकू, तुम्हीपण चला ना."

हे निव्वळ तोंडदेखलं होतं. असं म्हटलं की समोरच्याने "नको गं, तुम्ही तरुण मंडळी जा" म्हणायचं असतं, हा आपल्याकडचा अलिखित करार आहे. ताई आयुष्यभर हा करार पाळत आली. पण या वेळी ती म्हणाली, "येते."

कारण त्या शहरात दोन नद्या मिळतात. हा धडा तिच्या पुस्तकात आहे. एक नदी डोंगरातून येते, हिरवी. दुसरी सपाटीवरून येते, गढूळ, तांबूस. आणि मिळाल्यावरही दोघी लगेच एकमेकींत मिसळत नाहीत. एकाच पात्रात दोन रंग बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतात, मधे रेघ ओढल्यासारखी. ताई दरवर्षी ते चित्र फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढते आणि दरवर्षी कुठलं तरी पोर विचारतं, "बाई, तुम्ही बघितलंय?" ताई म्हणते, "पुस्तकात आहे." ती रेघ काठावरून दिसत नाही, पाण्यात जावं लागतं. बोटी हिवाळ्यात बंद असतात आणि तो हंगामातला शेवटचा रविवार होता. पुन्हा सुरू होतील तोवर अभ्यासक्रम संपवून ताई परत येऊन फळ्यापाशी उभी असणार होती.

"पोरांना सांगितलंस का हे?" मी विचारलं.

"सांगितलं ना. म्हटलं, जमलं तर बोटीने जाऊ."

"जमलं तर कशाला म्हणालीस?"

"अगं, त्यांचाही कार्यक्रम असतो."

मी डोक्याला हात लावला.

शनिवारी दुकानात गर्दी होती. कॉलेजच्या परीक्षा तोंडावर आलेल्या, पोरं नोट्सचे गठ्ठे घेऊन रांगेत. मागे आई स्टुलावर बसून पानं स्टेपल करत होती. ती घरी बसली की आजारी पडते, म्हणून दुकानात बसते. ताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे बसस्टँडची निळी खुर्ची, बाजूला पाच बॅगा.

"खोली दुपारी मिळणार आहे," ताई म्हणाली. "पोरं जरा चौकात जाऊन येतायत."

"तिथे बॅगा ठेवायला कपाटं नाहीत?"

"आहेत, पण पुढारी म्हणाला, कशाला उगाच पैसे, काकू आहेतच."

मागून आई म्हणाली, "एकीला दुसरी बांधून ठेव म्हणावं. चोर पाच एकदम नाही उचलत."

दुपारी फोन केला तर बाई संग्रहालयाच्या पायऱ्यांवर. आत पाठीवरच्या पिशव्या नेऊ देत नाहीत, म्हणून पोरांच्या पिशव्या हिच्यापाशी. "आत मोठमोठी चित्रं आहेत म्हणे," ती म्हणाली. संध्याकाळी मोठ्या चौकात बॅंड वाजत होता, अख्खा चौक नाचत होता आणि माझी बहीण एका दगडी ओट्यावर पाच जणांचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिचा स्वतःचा कोट सगळ्यांत खाली होता आणि ती थंडीने कुडकुडत होती.

"निदान आपला कोट तरी घाल."

"तो काढायचा तर सगळे उचलावे लागतील गं."

मी तिला पुष्कळ बोलले. ती पोरं तुझी गरज सरली की तुला ओळखही देणार नाहीत, उद्या सकाळी उठल्याबरोबर स्पष्ट सांग, बोट आधी, बाकी सगळं नंतर. ताई हं हं करत राहिली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. आई म्हणाली, "तू इथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. ती बरोबर बघेल."

"काय बघेल? बॅगा?"

"मग त्या कोण बघणार?" आई म्हणाली आणि तिने स्टेपलर आपटला.

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं, पण परीक्षेमुळे मी उघडं ठेवलं होतं. फोन आला तेव्हा मी एका मुलीचा प्रकल्प मागूनपुढून छापत होते. ताई या वेळी नदीकाठच्या बाकावर होती. तिच्या खांद्यामागे तिकिटाची खिडकी दिसत होती आणि खिडकीच्या पलीकडे पांढरी बोट, दोराने बांधलेली. मला इतकं बरं वाटलं की मी मशीन थांबवलं.

"तिकिटं काढली?"

"पोरं मनोऱ्यावर गेलीत. वरून सगळं शहर दिसतं म्हणे. खोली सोडली ना सकाळी, म्हणून बॅगा माझ्यापाशी ठेवल्या. येतीलच आता, मग सगळे मिळून जाऊ."

"बोट कधी सुटते?"

"अर्ध्या तासात. ही शेवटची."

"आणि ती कुठपर्यंत आलीत?"

"मघाशी फोन केला होता. अजून वर जायच्या रांगेत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरची मुलगी म्हणाली, "मावशी, माझी पानं उलटी येतायत." मी तिला म्हटलं, येऊ देत.

"ताई, ऊठ. आत्ता ऊठ आणि बोटीत बस."

"आणि बॅगा?"

"नदीत टाक."

"अगं, पासपोर्ट आहेत त्यांत सगळ्यांचे."

"मग पोरांना फोन कर आणि खाली बोलाव."

"रांगेत तासभर उभी आहेत बिचारी. त्यांचं तरी कशाला बुडवायचं?"

बिचारी. मला रडूच आलं, रागाचं. पन्नाशीला आलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मागितली, तीसुद्धा 'जमलं तर' लावून. बोट समोर दोराने बांधलेली उभी आहे आणि ही बाई पायांत बॅगा घेऊन बाकावर बसलीये. मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बस मग तिथेच. फळ्यावर काढ रेघा जन्मभर. आणि मला फोन करू नकोस." फोन मी आपटला. रांगेतली पोरं एकदम शहाण्यासारखी उभी राहिली. आईने पहिल्यांदा बॅगांबद्दल काही विचारलं नाही.

पुढचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. तीन प्रती मागितलेल्याला तेरा काढून दिल्या. स्वतःचाच राग आला, मग तिचा आला, मग आईचा. सामानापाशी कोण थांबतंय हे आधी विचारणारी तीच. पण ती बिचारी पाठ वाकवून दुसऱ्यांची पानं जुळवत होती. मग पुन्हा ताईचाच आला. भांडायचं तर समोरचं माणूस भांडायला तरी हवं. हिच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी उचलणार नव्हते, आईने हात लांब करून उचलला.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग पडद्यावर एक लाकडी बाक दिसला आणि त्यावर ओळीने बसलेल्या पाच बॅगा. पुढाऱ्याची काळी, चिवचिवची फुलाफुलांची, मग आणखी दोन आणि शेवटी ताईची, चेन तुटलेली, दोरीने बांधलेली. बॅगांच्या मागे कठडा आणि कठड्याच्या मागे पाणी सरकत होतं.

"तिकीटवाला म्हणाला, जागा अडवणार असाल तर बॅगांचीही तिकिटं काढा," ताईचा आवाज आला. "काढली. म्हटलं, घ्या. बोटीवरच्या माणसाने ढकलगाडी दिली."

"आणि पोरं?"

ताईने फोन फिरवला. मागे पडत चाललेल्या काठावर चार आकृत्या पळत होत्या. सगळ्यांत पुढे पुढारी, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. त्याचं ओरडणं पाण्यावरून इतकं स्वच्छ आलं की माझ्या दुकानातही ऐकू गेलं. "काकू, बॅगा."

काकू, थांबा नाही. काकू, आम्हालाही घ्या नाही. बॅगा. ताईने कठड्यापाशी जाऊन त्याला सांगितलं, "आहेत माझ्यापाशी. काळजी करू नका." आणि हात हलवला. परतीची बस चुकली नाही, हे आधीच सांगून टाकते. फेरी तासाभराची होती आणि ती पोरं तो तासभर धक्क्यावर उभी होती. त्यांच्या पायांशी सांभाळायलासुद्धा काही नव्हतं.

"पाचही घेतल्यात ना बरोबर?" आईने विचारलं.

"घेतल्यात गं."

"मग झालं," आई म्हणाली आणि पुन्हा स्टेपल करायला लागली. पण मला दिसत होतं, ती एकाच गठ्ठ्याला चौथ्यांदा पिन मारत होती.

रांगेतली पोरं आता काउंटरवर वाकून फोनमध्ये बघत होती. बोट वळली. ताईचा हात हलला, आभाळ दिसलं, कुणाचा तरी खांदा दिसला आणि मग पाणी आलं. मला वाटलं, एका बाजूला हिरवं दिसतंय.

"ताई, आली का रेघ? इकडे फिरव. खाली धर ना, नुसतं आभाळ दिसतंय. अजून खाली. जवळ ने. तो बॅगेचा पट्टा मधे येतोय, तो काढ. आईला दिसत नाहीये, जरा—"

"मने," ताई म्हणाली. माझं हे घरातलं नाव तिने कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "फोन ठेवते मी आता."

"अगं, आम्हाला दाखव तरी. फोटो तरी काढ."

"नाही काढत. मला बघू दे."

आणि पडदा काळा झाला. मी तशीच फोन हातात धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत आमचं बोलणं संपवलं ते नेहमी मी. गिऱ्हाईक आलं, दूध उतू गेलं, कंटाळा आला, काहीही कारण काढून मीच ठेवायचे आणि ताई पलीकडे "हो हो, ठेव" म्हणत थांबलेली असायची. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्याही सामानापाशी थांबली होती.

उलटी पानं आलेली ती मुलगी अजून समोर होती. "मावशी, कट झाला का? परत लावा ना," ती म्हणाली.

मी तिची पानं सरळ करून मशीनमध्ये घातली.

"नको," मी म्हटलं. "ताई कामात आहे."