लग्नाचा गुलाब, मयताचा केवडा

हिलालअप्पांचा जीव त्या सकाळी चांदीच्या दोन कुप्यांत अडकला होता. एकीत गुलाबाचं अत्तर, लग्नाचं. दुसरीत केवडा, मयताचा. कोरीट गावात या घराण्याचा तो मानच. अप्पांच्या आजोबांनी प्रकाशा गावच्या जत्रेत कनोजच्या अत्तरवाल्याकडून कुप्या घेतल्या, तेव्हापासून पाहुण्यांच्या हाताला गुलाब लावायचा आणि तिरडीवर केवडा शिंपडायचा, तो याच घराने. अहो, हाताला अत्तर लागल्याशिवाय व्याही पंगतीला बसत नसत, एवढी त्या एका थेंबाची मातबरी!

आणि आज लग्न कुणाचं? सख्ख्या नातीचं, चेतनाचं. केवड्याच्या कुपीला ओळखीसाठी काळा दोरा बांधलेला असे. सून चारुलताने हौसेने चिंच लावून दोन्ही कुप्या लख्ख घासल्या अन् दोरा गेला मोरीत. घ्या! दुसऱ्या कुणी बूच उघडून ओळखलं असतं. पण आषाढातल्या तापात अप्पांचा वासच गेला होता, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुपी दुसऱ्याच्या हातात गेली असती.

त्यांनी दोन्ही कुप्या पुन्हा पुन्हा हुंगल्या. काही नाही. रंगही दोन्हींचा फिकट पिवळा. नातीच्या लग्नात व्याह्यांच्या हाताला मयताचा वास लागला तर?

"अप्पा, चला! पाहुणा उनात!" व्याही आल्याची हाक मांडवातून आली.

देवाचं नाव घेऊन त्यांनी एक कुपी उचलली. पण व्याह्यांपुढे बूच काढायचा धीर होईना. तेवढ्यात त्यांची बायको बेबीबाई जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "लावा बिनधास्त. दोन्ही कुप्यामा गुलाबच शे. चुल्हावर दूध करपी गयं, तुम्ही जोडेच बशेल व्हतात, तरी तुम्हले वास उना नही. तवयच मी केवडा फेकी दिधा, गुलाब भरी दिधा."

अप्पांनी बूच पुन्हा धरलं. चार महिने ते एकटेच भीत होते, असं त्यांना वाटत होतं. बूच निघालं. व्याह्यांनी हात हुंगला आणि म्हणाले, "वा, अस्सल गुलाब!"

"मंग मन्ही तिरडीवर काय शिंपडशी?" अप्पांनी हळूच विचारलं.

"शुभ येळले काय बोलतस तुम्ही!" बेबीबाई डाफरली. मग तिने डोळ्यांना पदर लावला. "गुलाबच शिंपडसू. तुम्हले कोठे वास येस!"