करणाऱ्याचं नाव

डोमा वल्द कवडू, वय वर्षे बेचाळीस, राहणार भंडारा शहर, धंदा पितळेची भांडी घडविणे. बांधा मध्यम, रंग सावळा. ओळखीची खूण : डाव्या कानाने ऐकू येत नाही. हत्यारे : हातोडे अकरा, ऐरणी तीन, भट्टी एक. जिनसा : गुंड (पाणी भरण्याचे भांडे), गंज (पातेले), परात, घागर. जादा सेवा : भांड्यावर गिऱ्हाइकाचे नाव घालून देणे, विनाशुल्क. स्वभाव : शांत. तक्रार : काही नाही.

१९७६ साली कारागिरांच्या सरकारी नोंदवहीत हे असं लिहिलं गेलं. लिहिणारा कारकून भांडी ठोकणाऱ्यांच्या आळीत पाऊण तास होता आणि त्यातला अर्धा तास त्याने कानात बोटं घातली होती. तेव्हा तक्रार त्याला ऐकू आली नसेल तर दोष देता येत नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून मधुकर आला. केस खांद्यापर्यंत, पँटचा खालचा घेर गुंडाएवढा. बाप रेल्वेत मोठा साहेब असल्यामुळे त्याला ड्रम वाजवायला फुरसत होती. त्याच्या बँडचं नाव ब्लॅक मँगनीज, आणि बँडमध्ये त्याचं नाव मॅडी. हे लोक हार्ड रॉक वाजवत, म्हणजे विजेची गिटार शेजाऱ्याची भिंत हलेल इतकी मोठी करून वाजवत. मुंबईच्या एका कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढायचं कबूल केलं होतं. रेकॉर्डचं नाव ‘थ्री फेज’. अडचण एकच होती. मधुकरची परदेशी झांज तडकली होती, आणि झांजेसाठी आयात परवाना मागणाऱ्या माणसाला सरकार आधी खुर्चीसुद्धा देत नसे.

“डोमाजी, सेम टू सेम अशी करून द्या,” मधुकर म्हणाला. “दोन महिन्यांत रेकॉर्डिंग आहे.”

डोमाने झांज उलटीपालटी केली, नखाने वाजवली, उजव्या कानाशी नेली. वर इंग्रजी अक्षरं होती.

“हे कोनाचं नाव होय जी? कोनाच्या लग्नात भेटली तुमाले?”

“लग्नात? अहो, ते बनवणाऱ्याचं नाव आहे. त्या खानदानाचं.”

“करनाऱ्याचं?”

“हो.”

“अन् घेनारा काही म्हनत नाही?”

“उलट ते नाव पाहूनच घेतात लोक.”

डोमा त्या अक्षरांवरून नख फिरवत राहिला. तीस वर्षं तो भांड्यांवर नावं घालत होता. मुलीला भांडी देणाऱ्या बापांची घातली, मामांची घातली, देवळाला समई देणाऱ्या सावकारांची घातली. एका जमादाराने तर जप्तीतल्या घागरीवर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. डोमाचं नाव मात्र कशावरच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरातली भांडीसुद्धा सासऱ्याच्या नावाची.

“मजुरी नोको मले,” तो शेवटी म्हणाला. “कांसं तेवढं आनून द्या. अन् नाव माह्यं राहीन.”

मधुकरने हसत हसत हात मिळवला. ही बोली त्याला फुकटात पडल्यासारखी वाटली.

पितळ हे सोशिक असतं, ठोका आणि विसरा. कांसं तसं नाही. लालबुंद असताना ठोकलं तर ऐकतं, जरा काळं पडल्यावर ठोकलं तर काचेसारखं फुटतं. डोमाची पहिली झांज फुटली. दुसरी फुटली तेव्हा शेजारच्या दुकानातून टिकाराम ओरडला, “डोमा, आता करताल कर रे, लहान लहान तुकड्याचे!” तिसरी टिकली. आळीत तिचा आवाज कळणं शक्य नव्हतं, म्हणून डोमा आणि त्याची बायको मालनबाई ती घेऊन कारध्याच्या बाजूला नदीच्या रेतीत गेले. मालनबाईने दोरीला धरून लाकडाने एक टोला दिला. डोमा दूर पाण्याजवळ उजवा कान वळवून उभा होता.

“अवो, थांबली का?” मालनबाईने विचारलं.

“अजून हाये,” तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, “अजून हाये.”

घरी येऊन त्याने छन्नीने नाव घातलं : डोमा, भंडारा.

मुंबईहून मधुकरचं कार्ड आलं. झांज इतकी वाजते की आवाजाच्या मीटरचा काटा लाल घरातून हलत नाही, म्हणून इंजिनिअरने आपल्याला ड्रमसकट बाहेर व्हरांड्यात बसवलं, मधे काच लावली, आणि नवव्या खेपेला जमलं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला दुसरं काहीच नाही, नुसती झांज. डोमाने ते कार्ड आळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. टिकारामला दोनदा.

रेकॉर्ड निघाली की घेऊन येतो, असं कार्डात शेवटी लिहिलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तेव्हा डोमा एसटीने नागपूरला गेला आणि सीताबर्डीवर कृष्णरावांच्या रेकॉर्डच्या दुकानात उभा राहिला. कृष्णरावांनी ‘थ्री फेज’ काढून दिली. कव्हरवर मधुकर होता, आणि त्याच्यापुढे झांज. आपली झांज ओळखायला डोमाला क्षणही लागला नाही. पण जिथे त्याचं नाव होतं तिथे काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. डोमाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ही अक्षरं त्याने दोन महिने समोर ठेवली होती. ती परदेशी खानदानाची होती.

“मांगं काय लिवलं हाये जी?”

कृष्णरावांनी चष्मा लावला. “आभार. कंपनीचे साहेब. टेम्पोवाला. कँटीनवाला. आणि ब्रूनो.”

“ब्रूनो कोन?”

“कुत्रा. हा पाहा ना, फोटोत बसलाय.”

“कुत्र्यानं काय वाजवलं?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“भंडारा लिवलं हाये काय कुठं?”

कृष्णरावांनी दोन्ही बाजू पुन्हा पाहिल्या. ते भले गृहस्थ होते. “नाही,” म्हणाले.

डोमा मधुकरच्या बापाच्या रेल्वे बंगल्यावर गेला. मॅडीसाहेब दौऱ्यावर आहेत असं फाटकातूनच कळलं. आत कुत्रं भुंकत होतं. डोमा त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिला की शेवटी तेच गप्प झालं.

मग तो परत आला आणि काम करू लागला. “अवो, परात होय ते,” मालनबाई म्हणायची, “वैरी नाही तुमचा.” पाच वर्षं ती हे म्हणत होती.

१९८३ मध्ये मधुकर पुन्हा आला. आता केस कमी होते आणि पोट होतं. ‘थ्री फेज’चं नाव झालं होतं. कॉलेजची पोरं तिच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकत, आणि ती सुरुवातीची झांज हार्ड रॉकवाल्यांत अभिजात मानली जाई. कलकत्त्याच्या एका जाणकाराने तर छापलं होतं की असा नाद निव्वळ परदेशी घराण्यांच्या गुप्त विद्येतूनच निघू शकतो. मधुकरने हे डोमाला सांगितलं. त्याला वाटलं, डोमा हसेल.

डोमा हसला नाही. मधुकरने पिशवीतून झांज काढली. ती तडकली होती. बँड दुसरी रेकॉर्ड करणार होता.

डोमाने तडीवर बोट फिरवलं. नावाच्या जागचा काळा रंग उडाला होता. खाली धातू कागदासारखा पातळ झाला होता, आणि तड बरोबर तिथूनच निघून काठापर्यंत गेली होती.

“इथं घासली कोनं?”

“कंपनीच्या माणसानं. तो म्हणाला, देशी भांड्यावर वाजवलेलं कोण घेणार? आमचाही इलाज नव्हता, डोमाजी. पहिलीच रेकॉर्ड.”

“तू होता काय तिथं?”

डोमा त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. “होतो,” मधुकर म्हणाला.

“मशीनवर घासाले कोनीतरी धरून ठेवा लागते. कोनं धरली?”

मधुकर भट्टीकडे पाहू लागला.

“अबे, तुले विचारून राहिलो!”

“मी,” मधुकर म्हणाला. मग घाईघाईने, “या वेळी नाव राहील. मोठ्या अक्षरात घाला. कव्हरवरही छापतो, मागे नाही, पुढे. शपथ घेतो.”

डोमाने झांज तराजूत टाकली. आळीत जुन्या फुटक्या भांड्याला मोड म्हणतात. मोड द्यावी आणि नवं भांडं न्यावं. त्याने वजन पाहिलं, फळीवरून एक पितळेचा गंज उतरवला, मांडीत धरला आणि छन्नी घेतली. मधुकर उभाच होता. आळीतले ठोके एकेक करून थांबत गेले. डोमाने अक्षर न् अक्षर कोरलं, फुंकर मारली आणि गंज त्याच्या हातात दिला. त्यावर मधुकरचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.

“ने. तुह्यं नाव घातलं. घासू नोको, फुटते.”

दुसऱ्या दिवसापासून डोमाने भांड्यांवर नावं घालणं बंद केलं. लोक गंज त्याच्याकडून घेत आणि नाव घालायला टिकारामकडे जात.