आईला न सांगितलेली जागा

मोठीमाय गेल्याचा फोन धुळ्याला आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ सुनील म्हणाला, झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. त्या वाक्याचाच मला आधी राग आला. काही त्रास झाला नाही म्हणे... पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं माझ्या या मोठ्या काकूनं हयातभर एकच गोष्ट विचारली आणि ती तिला कुणी सांगितली नाही.

तिचं पहिलं अपत्य मुलगी. दात यायच्या आधीच तापानं गेली. आमच्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. का, ते जुनी माणसं सांगायची. ज्यानं अन्न चाखलं नाही त्याच्यावर अग्नीचा हक्क नाही, ते मातीचं, मातीला परत द्यायचं. अंगाखाली आणि वर मीठ, म्हणजे लवकर माती होते. त्यावर दगड आणि बाभळीच्या काट्या, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. ही रीत कुणीतरी मायेनं बसवली असणार, एवढं मलाही कळतं. ज्याला त्या घटकेला कोल्हा आठवला त्याला त्या लेकराची काळजी होती. पण या रितीला एक शेपूटही आहे. पुरायला फक्त पुरुष जातात आणि जागा आईला सांगत नाहीत. आई तिथंच जाऊन बसेल, तिचा जीव तिथंच अडकेल, पुढची कूस भरणार नाही. बरं, तेवढ्यापुरतं मान्य करू. पुढं मोठीमायला दोन मुलगे झाले, सुना आल्या, नातवंडं कॉलेजात गेली... मग तरी सांगायला काय हरकत होती? तिचा नवरा, म्हणजे आमचे आबा, ठरलेलं उत्तर द्यायचे, "बाईले सांगतस नही. रीत शे."

नाल्याच्या काठी कुठंतरी, एवढंच तिला ठाऊक होतं. म्हणून ती अख्ख्या काठानं चपला हातात घेऊन चालायची. बायका चिडवायच्या, म्हातारी चपला जपते, पायांचं काय ते बघत नाही. तीही हसायची. रडकी नव्हतीच ती. भरताची वांगी स्वतः निवडायची आणि दुसऱ्याच्या वांग्यांना नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

मग नाला खोल करायला जेसीबी आला. गावाला पाणी हवंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवशी मी गावातच होते. मोठीमाय सरळ जाऊन जेसीबीपुढं बसली. माणसं जमली, काही हसली. तिनं आबांकडे बघितलं आणि म्हणाली, "नुसतं 'आठे नही' इतलं सांगा, मी उठी जास." इथं नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. आबा खाली मान घालून उभे राहिले. लोक कौतुकानं म्हणाले, बघा, माणूस या वयातही रीत मोडत नाही. शेवटी सुनीलनं तिला दंडाला धरून उठवलं. निघालेला गाळ ट्रॉल्या भरभरून शेताशेतांत पडला, आमच्याही पडला. त्या वर्षी कपाशी झकास आली. मोठीमाय मात्र ती वेचायला गेली नाही, आणि नंतरही त्या शेतात तिनं कधी पाय ठेवला नाही.

दशक्रियेला बोरी नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. एकेक जण हात जोडून कबूल करू लागला. आबांना नीट सांभाळू, नातवाचं लग्न धूमधडाक्यात लावू. एकानं तर घरावर स्लॅब टाकण्याचंही वचन दिलं! हसावं की एकेकाच्या थोबाडीत द्यावी, कळेना. मी बायकांतून उठून आबांपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, आबा, आता तरी जागा सांगा. आता कूस भरायची राहिलेली नाही, जीव अडकायचा राहिलेला नाही.

आबा म्हणाले, "ते काय याद ठेवानी गोट शे का?"

म्हणजे रीतबीत काही नव्हती. माणूस विसरला होता. कदाचित पुरून घरी येईपर्यंतच विसरला होता, आणि जन्मभर रितीचा पदर तोंडावर ओढून बसला होता. जेसीबी आला त्या दिवशी 'आठे नही' म्हणायला त्याला ठाऊकच नव्हतं. हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला गेले.

काही आठवड्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. मोठीमायच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. आबा उंबऱ्याशी बसून, एकेका गेलेल्याचं नाव घेत, कुंकवाचं एकेक बोट ओढत होते. पणजोबा, आजोबा, आजी, मोठीमाय... मी म्हटलं, अजून एक. सुनील म्हणाला, दात न आलेल्यांचं नसतं ताई. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आबांचा हात थांबला. त्यांनी मला विचारलं, "काय नाव लेवानं?"

बारसं झालंच नव्हतं, पण मोठीमायनं मनाशी लेकीला नाव ठेवलं होतं. तिच्यामाझ्याखेरीज ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आबांच्या पुढ्यातलं कुंकू घेतलं, उंबऱ्यावर मोठीमायशेजारी एक बोट ओढलं आणि नाव मनातल्या मनात घेतलं. आबा अजून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बापले सांगतस नही," मी म्हटलं.