दोन घरची शेळी

आमच्या भागातलं कोणतंबी जनावर समोर आणा, त्याचा मालक कोण ते मी डोळे झाकून सांगतो. फक्त माह्याच अंगणात बांधलेली शेळी कोणाची, हे मले बायकोनं सांगतलं, अन् तेबी पोरीची परीक्षा तीन घंट्यावर आली तवा.

मी शाळेत गेलो ते सुकडी खायाले भेटाची तोपर्यंत. आता जनावराच्या दवाखान्यात पाय धराचं काम करतो. डॉक्टर सुई टोचते, लाथ मी खातो. पोरगी मात्र कॉम्प्युटरच्या शेवटच्या सालाले. तिनं प्रोजेक्टले आमचाच दवाखाना घेतला. कोणाचं जनावर, कोणती लस, कधी टोचली, सारं कॉम्प्युटरात.

तिच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्यात आधी चित्र काढा लागे. एक डबा मालकाचा, एक जनावराचा, एक लसीचा. डब्याडब्यात रेघ, अन् रेघेच्या टोकाले तीन बोटं.

"हा काय कोंबडीचा पाय?" मी विचारलं.

"कावळ्याचा म्हणतात, बाबा. जिकडं पाय, तिकडं लय. एका मालकाचे लय जनावरं. अन् एका जनावराचे मालक किती?"

शिकलेल्या माणसानं मले काही विचारलं ते जिंदगीत पयल्यांदाच. छाती अशी फुगली का शर्टाची गुंडी तुटते काय!

"एकच. बैल काय सरपंच आहे, साऱ्या गावाचा असाले?"

"नक्की ना, बाबा?"

"तीस वर्ष झाले लाथा खाऊन राह्यलो. नक्की."

तिनं काढली रेघ. त्या चित्रावरून सॉफ्टवेअरच सारे रजिस्टर बनवते म्हणे. चित्र चुकलं का सारंच चुकलं.

परीक्षेच्या दिवशी नागपूरवरून बाहेरचे साहेब येणार होते, बारा वाजता. चित्र पाहूनच पोट्ट्यायले वापस धाडते, असं त्यायचं नाव होतं. नापास झाली का सालभर घरी.

नऊ वाजता बोरगावातल्या आमच्या घरी पोरगी शेवटची प्रॅक्टिस करून राह्यली होती. नमुना म्हणून तिनं आपलीच शेळी टाकली. बायको तिचा जेवणाचा डबा भरता भरता म्हणाली, "मालक कोण लिहिला?"

"बाबा."

"काऊन? ती तर तुह्या मामीचीबी आहे ना."

झालं. शेळी समुद्रपूरवरून मामीनं बटईनं देल्ली होती. म्हणजे चारा-पाणी आमचं, पिल्लं अर्धे तिचे, अर्धे आमचे. शेळी दोघायची. दोन साल झाले मीच तिले पाणी पाजून राह्यलो, अन् मलेच याद नाई.

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. "बाबा?"

"तशी... बटईची तर आहे."

"अजून कोणाकोणाचे असे आहेत?"

"दोघा भावात एक बैल असते कधी कधी."

"अजून?"

मले वाटलं, आता सारं कबूल केलेलं बरं. "देवाले सोडलेला गोऱ्हा आहे एक. त्याचा मालकच नाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाई. घड्याळाकडं पाह्यलं अन् लॅपटॉप जवळ ओढला. तेवढ्यात लाईन गेली. बॅटरी बावीस टक्के.

तिनं ती रेघ पकडली अन् पुसाले घेतली. सॉफ्टवेअरनं विचारलं, रेघ गेली का जनावराच्या डब्यातलं मालकाचं नावबी जाईन, चालते का? पोरीनं डोळे मिटून हो म्हटलं. आठ दिवस बसून भरलेले साऱ्या गावचे जनावरं एका मिनिटात बेवारस!

मंग मालक अन् जनावर याच्या मधात तिनं नवा डबा टाकला. मालकीचा. त्याले दोन्हीकडून कावळ्याचे पाय. आता एका शेळीचे दोन मालक बसत होते, गोऱ्ह्याचा एकबी नसला तरी चालत होतं. पण नावं पुन्हा भराचे होते.

"तांबडी गाय, कपाळावर चांद?" पोरीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. "ते त्या..."

"दोघी जावाजावायची," बायको चुलीपासून बोलली.

"बांडा बैल?"

"दोघा भावायचा, अर्धा-अर्धा," पुन्हा बायकोच.

बॅटरी नऊ. मंग सहा. मी श्वासबी हळू घेऊन राह्यलो, जसा काही माह्या श्वासानंच बॅटरी उतरते. तीन टक्क्यावर पोरगी म्हणाली, "सेव्ह झालं," अन् स्क्रीन काळी पडली.

मी तिले गाडीवर कॉलेजात नेलं. रस्ताभर ती चार्जर पोटाशी धरून बसली होती. ती आत गेली, मी पायरीवर बसलो. एक पोट्टा मुंडकं खाली घालून बाहेर आला.

एक घंट्यानं ती आली.

"साहेबांनी पयलंच विचारलं, एका जनावराचे दोन मालक असले तर? मी शेळी दाखवली. म्हणे, एकबी नसला तर? गोऱ्हा दाखवला. मंग म्हणे, ही माहिती कोणापासून घेतली?"

मी कॉलर सरळ केली. "मंग?"

"मायपासून म्हटलं. पास झाली, बाबा."

मी तिथूनच बायकोले फोन लावला. "पास झाली! अन् तो गोऱ्हा तर मीच सांगतला होता, याद ठेवजो!"

"तुमी जनावरायचे पाय धरत जा," बायको म्हणाली. "कोणी काही विचारलं, तर मले बलवा."