पिल्सुन कुठल्या सशाची?

कूबाईंच्या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांचं अंग घासून देणारी पिल्सुन वीस वर्षांत कुणाशी खोटं बोलली नव्हती. फक्त एका हिशोबात कुणाची तरी चूक झाली होती आणि ती तिने दुरुस्त केली नव्हती, एवढंच.

झालं होतं असं. नवरा गेल्यावर पिल्सुन खेड्यातून बुसानला आली, तेव्हा योंगदो बेटाच्या चढावर या न्हाणीघराच्या दाराला कागद चिकटवलेला होता. अंग घासायला बाई हवी, पंचेचाळिशीच्या आतली. पिल्सुन बावन्न वर्षांची होती, पण गालावर सुरकुती औषधालाही नव्हती. आमच्याकडे कोरियात बायकांना वय थेट विचारत नाहीत, जन्मसालाचा प्राणी विचारतात. बारा सालांचे बारा प्राणी, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून.

"कुठला प्राणी गं तुझा?" कूबाईंनी विचारलं.

"ससा."

कूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चाळीस. ये उद्यापासून." त्या सशाच्या आधी बारा वर्षं आणखी एक ससा होऊन गेला होता आणि पिल्सुन त्याची होती. ती गप्प राहिली. घासणाऱ्या बायका पगारावर नसतात, गिऱ्हाईक देईल ते त्यांचं, त्यामुळे कागदपत्रंही कुणी मागितली नाहीत.

जम बसला की सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पण त्याआधी मल्जा भेटली. बाजारात सुकी मासळी विकणारी मल्जा अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि तिचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचा. पहिल्याच दिवशी ती घासायच्या टेबलावर पालथी पडली आणि म्हणाली, "माझं मेंढीचं साल. तू ससा म्हणजे मी तुझी ताई झाले. काय जेवलीस? काही नाही? अगं मेले, रिकाम्या पोटी माझी कातडी सोलणार होय!" आणि तिने डब्यातला भात पिल्सुनच्या हातात दिला.

पिल्सुन सात भावंडांत थोरली. आठव्या वर्षापासून तिच्या पाठीवर कुणी ना कुणी बांधलेलंच असायचं. ताई हा शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता, म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी ती "हो ताई" म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की खऱ्या वयाचा विषय कायमचा मागे पडला.

मग वीस वर्षं मल्जाने तिच्यावर हुकूम सोडले. हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालायची झाली की पिल्सुनच्या वाट्याचं मडकं मल्जा भरणार, ताप आला की मल्जाच पेज घेऊन येऊन ओरडणार. "पाणी आण गं," "पाय चोळ गं," "अशी कशी वेंधळी तू!" पिल्सुन मान खाली घालून ऐकायची आणि मनातून खुशीत असायची.

तिच्या कातडीचं गुपित मात्र सगळ्याच बायका विचारायच्या. पिल्सुन काही लपवायची नाही. "गरम पाण्यात घाम फुटेपर्यंतच बसायचं. अंग आठवड्यातून एकदा घासायचं आणि तोंडाला हा घासायचा खरबरीत हातमोजा कधी लावायचा नाही. तांदूळ धुतलेल्या पहिल्या पाण्याने तोंड धुवायचं. उन्हात टोपी. नऊला दिवा बंद. आणि घरापर्यंतच्या एकशे ब्याण्णव पायऱ्या रोज, बस नाही."

"हं," बायका नाक उडवायच्या, "साठीच्या आत कुणीही तुकतुकीत दिसतं. सत्तरीला ये, मग बघू." बहात्तर वर्षांच्या पिल्सुनला हे निमूट ऐकून घ्यावं लागायचं, आणि खरं सांगायचं तर तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

यंदा पुन्हा सशाचं साल आलं. बारा प्राण्यांच्या पाच फेऱ्या होऊन जन्मसाल फिरून आलं की साठी साजरी करायची, म्हणून मल्जाने कंबर कसली. पण यंदाच अधिक महिनाही आला. या महिन्यात आपल्या मरणाचे कपडे शिवून ठेवले तर आयुष्य वाढतं म्हणतात. मल्जाने ते शिवले आणि वाढायचं सोडून ती मिटायलाच लागली. बाजारातली जागा तिने दुसरीला दिली. पायऱ्या सोडून ती बसने यायला लागली, तासभर कढत पाण्यात बसायची आणि रोज अंग खरवडून घ्यायची. पोटऱ्यांची कातडी कोरडी पडून तडकली तरी ऐकेना.

"ताई, रोज घासू नका. थोडं चाला. गुडघे आखडलेत नुसते."

"अडुसष्ट झालीत मला! आता काय सुधारायचंय? माझ्या वयाची हो, मग शिकव."

पिल्सुनने हातमोजा पुन्हा पाण्यात भिजवला. खरं सांगितलं तर मल्जाला पटेलही. पण मग तिला "अगं मेले" कोण म्हणेल? जगात तेवढी एकच बाई होती.

साठीचं जेवण न्हाणीघराच्या विसाव्याच्या खोलीत झालं. मल्जाने वाढदिवसाचं म्हणून समुद्री शेवाळाचं सूप केलं होतं, तांदळाच्या वड्या, वाफवलेला मासा. वाढताना ती दोनदा भिंतीला टेकली. शेवटी तिने पिल्सुनच्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. आत तिचा स्वतःचा सणाचा रेशमी पोशाख होता.

"एकदाच घातलाय. मला आता कशाला? माझे कपडे शिवून झालेत," मल्जा म्हणाली. "हे माझ्या हातचं शेवटचं जेवण समज गं, पोरी."

पिल्सुनला इतका राग आला की हातातला चमचा तिने खाली आपटला.

"मी बहात्तर वर्षांची आहे!"

खोली हसून फुटायची बाकी राहिली. "सूप डोक्यात गेलं वाटतं हिच्या," कुणीतरी म्हणालं. पिल्सुन तरातरा उठली, कपाटातून ओळखपत्र आणलं आणि कूबाईंच्या पुढ्यात टाकलं. कूबाईंनी साल चष्म्याने वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग हात लांब करून वाचलं.

"थोरला ससा," त्या म्हणाल्या.

मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "ते तांदळाचं पाणी रोज लावायचं, की दिवसाआड?"

मल्जा कानापर्यंत लाल झाली होती. चार वर्षांनी मोठ्या बाईकडून तिने वीस वर्षं पाय चोळून घेतले होते. "लाज वाटते मला," ती म्हणाली आणि निघाली. गडबडीत पायात एक सपात तिची होती, एक कूबाईंची.

पुढचे आठ दिवस पिल्सुनच्या टेबलापुढे रांग लागली. ज्या बायका नाक उडवायच्या, त्या आता पायऱ्यांचा आकडा विचारून घ्यायला लागल्या. पिल्सुनला मात्र घास गोड लागेना. आपणच आपल्या हाताने आपली ताई घालवली, असं तिला रोज वाटायचं.

नवव्या दिवशी सकाळी मल्जा आली. कमरेत वाकून तिने रीतसर नमस्कार केला.

"ताई, बसा. तुमची पाठ चोळून देते."

"असं नका ना बोलू."

"मोठ्या आहात. रीत ती रीत." मल्जाने हातमोजा चढवला आणि एक शब्द न बोलता पाठ चोळली. हात तेच होते, तेवढेच आडदांड. पिल्सुन रडली, पाण्यात कुणाला कळलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की रीत दोन्हीकडून असते.

"मी मोठी, होय ना?" ती उठून बसली. "मग ऐकायचं. ते मरणाचे कपडे कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव, हात पोचणार नाही अशा जागी. अंग फक्त रविवारी घासायचं. आणि आज माझ्याबरोबर पायऱ्यांनी घरी यायचं."

मल्जाने तोंड उघडलं. मोठ्यांना उलट बोलायची सोय नव्हती. "बरं, ताई," ती दातओठ खात म्हणाली.

संध्याकाळी दोघी निघाल्या. पहिल्या तीस पायऱ्या मल्जा शहाण्यासारखी मागोमाग आली. "सावकाश हं, ताई," म्हणाली. पन्नासाव्या पायरीला ती नुसती धापा टाकत होती. साठाव्या पायरीला तिने कठड्याला धरलं. पिल्सुन बरीच वर पोचली होती.

"अगं मेले!" तिसऱ्या गल्लीत ऐकू जाईल असा आवाज आला. "थांब की जरा! कोण मागे लागलंय तुझ्या?"

ओरडून झाल्यावर मल्जाने जीभ चावली. पिल्सुन वर थांबली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि याही वेळी चूक दुरुस्त केली नाही.

"थांबते, ताई," ती म्हणाली.